‘प्रभात’चे पाच भागीदार

काचीगुडा स्थानकाची इमारत १९१६ सालची. तेथून नांदेड-औरंगाबादवरून मनमाडला जाणारा मीटरगेज लोहमार्ग हा निजामी राजवटीत येथील मराठी माणसाचा मुंबई-महाराष्ट्राशी असलेला एक प्रमुख धागा होता. नाटकमंडळीला असा प्रवास करावयाचा तर पडदे, पेटारे, आचारी, साजिंदे असा सारा संसार गाडीत चढवावा लागे. बोलपट मात्र चार डब्यांत बंद होऊन येई. धंद्यातील ही उलथापालथ ज्यांनी वेळीच ओळखली, त्यांत प्रभात फिल्म कंपनीस आम्ही अग्रस्थान देतो.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ती स्थापन झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. पाचवे सीताराम कुलकर्णी भांडवल पुरविणारे सराफ. कॅमेरा, नेपथ्य, ध्वनी, दिग्दर्शन यांची जाण मालकांपाशीच होती. मालक स्वतः हातोडी धरणारा असला की कारागिराला त्याची आज्ञा जाचत नाही.

१९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्यासाठी तिची फिल्म जर्मनीत नेली. रंग मनासारखे उतरले नाहीत व मोठा खर्च वाया गेला. त्याच वर्षी कंपनी पुण्यास आली आणि १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ पडद्यावर आला. फसलेल्या प्रयोगानंतर हात आखडता घ्यावा असे या मंडळींस वाटले नाही. याउलट बालगंधर्वांचे उदाहरण पाहावे. प्रतिभा अलौकिक, परंतु मंडळीचा कारभार एका व्यक्तीच्या दिलदारीवर चाललेला आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. अखेर १९३५ साली तेही ‘प्रभात’च्याच ‘धर्मात्मा’त उभे राहिले.

‘संत तुकाराम’ (१९३६) हा ‘प्रभात’चा कळस, आणि तो शांतारामांचा नव्हे, दामले-फत्तेलालांचा. पडद्यामागे राहणाऱ्या दोघांच्या हाती सूत्रे देण्याची रीत त्या कंपनीत होती, म्हणून तो निर्माण झाला. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक चालला. १९३७ मध्ये व्हेनिसलाही गौरविला गेला.

हैदराबादकरांस मात्र ‘शेजारी’ (१९४१) अधिक जवळचा वाटावा. दोन वृद्ध मित्रांची, एका हिंदूची व एका मुसलमानाची, ही कथा. मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांची. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत ठाकूर झाले मजहर खान. म्हणजे हिंदूने मुसलमान व्हावे आणि मुसलमानाने हिंदू, अशी योजना. १९३८ च्या सत्याग्रहानंतर या संस्थानात दोन समाजांत जे अंतर पडत चालले होते, ते ध्यानी घेतले म्हणजे या योजनेचे धैर्य कळते. मराठी-हिंदी जोडआवृत्तीची पद्धत धंद्याच्या हिशेबाने १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासूनच पडली होती, येथे तिने हिशेबापलीकडचे काम केले.

पुढे भागीदारी विसकटली. धायबर आधीच गेले होते. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले. १९४५ साली दामले वारले. पुढच्या दशकात कंपनी मिटली व १९६० मध्ये तिच्या आवारात सरकारी चित्रपटसंस्था आली. शांतारामांनी आईवडिलांच्या नावे उभारलेले ‘राजकमल’ एकाच मालकाचे होते, आणि ते अधिक टिकले. तेथे ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) घडला; ‘तुकाराम’ मात्र तेथे घडला असता, असे आम्हांस वाटत नाही.