जवारी आणि शंभर वॉट

चवथ आटोपली की बेळगावला मावसभावाकडे एक फेरी ठरलेली. यंदा त्याच्या मुलाने गिटारसाठी नवा अँप्लिफायर आणला होता. शंभर वॉटचा, भरपूर 'गेन' असलेला. खाली स्पीकरचे खोके, वर यंत्राची पेटी; आमच्या देव्हाऱ्याहून उंच!

"काका, कान झाका," पोरगा म्हणाला. पण त्याने तार छेडण्याआधीच खोक्यातून सूऽऽ अशी बारीक सरसर सुरू झाली. मग स्वर आला. मोठा नव्हता, आवाजाचा खटका त्याने एकवरच ठेवला होता. पण जाड, खरखरीत, आणि संपता संपेना.

मला पहिल्यांदा आठवला तो मिरजेचा तंबोरा. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतात, तेव्हा एका तारेतून किती उपस्वर उमलतात! गेनचे तेच. तारेचा क्षीण संकेत आतल्या टप्प्यांत इतका वाढवायचा की तो मावेनासा होतो, त्याचे माथे कापले जाते आणि नवे उपस्वर जन्मतात. गेन म्हणजे मोठा आवाज, हा माझा समज त्या दुपारी गेला. वॉटचेही तसेच: पन्नासाचे शंभर केले तरी फरक जेमतेम तीन डेसिबलचा.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी उचलले. विलायतेत १९६५ च्या सुमारास जिम मार्शल यांनी 'द हू'च्या पीट टाउनशेंडसाठी शंभर वॉटचा अँप्लिफायर बनवला. मार्शल मुळात ड्रमवाले. नवा नाद बाहेरच्या माणसांच्या हातून येतो की काय, कोण जाणे.

आणि याच बेळगावात डिसेंबर १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनात, गांधीजींसमोर, अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल स्वागतगीत गायल्या होत्या.

मावसभाऊ दाराशी उभा होता. निपाणीत ऐन उमेदीची वर्षे त्याने मिरवणुकांत 'डॉल्बी'पुढे काढली. (आपल्या सीमाभागात स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. त्या कंपनीचा या भिंतींशी संबंध नाही. तिचे नाव झाले ते खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे!) डावा कान पुरता गेला, उजव्याला यंत्र.

तो पुढे आला, यंत्र काढून खिशात टाकले आणि खोक्यावर तळवा टेकला.

"वाजव," तो म्हणाला. पोराने माझ्याकडे पाहिले आणि आवाज होता तिथेच ठेवून तीच तार पुन्हा छेडली.