युकुलेलीची वरची तार

ऑनलाइन मागवलेली युकुलेली घरी आली आणि पहिल्याच संध्याकाळी मी तिला सदोष ठरवलं. काळी एकचा सा धरला, तर तिच्या चार तारा वरून खाली प, सा, ग, ध अशा लागत नाहीत. त्यासाठी सफेद एक धरावी लागते. तेही ठीक. पण सगळ्यात वरची, हनुवटीजवळची तार मंद्र पंचमात हवी ना? ती होती मध्य पंचमात, गंधाराच्याही वर. मी खुंटी पिळून तिला खर्जात नेलं. तार लोंबली, खडखडू लागली. चूक माझी होती. ही रचना मुद्दामच अशी आहे, आणि ती हवाईची नाही.

१८७०च्या दशकात पोर्तुगालच्या मदेरा बेटावर द्राक्षवेलींना कीड लागली, वाइनचा धंदा बसला. त्याच सुमारास अमेरिकेशी झालेल्या करारामुळे हवाईची साखर तिथे विनाशुल्क जाऊ लागली आणि उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडले. ऑगस्ट १८७९मध्ये 'रेव्हन्सक्रॅग' जहाज चारेक महिन्यांचा प्रवास करून मदेराहून होनोलुलूला पोचलं. त्यात मान्युएल नुनेश, ऑगुश्तो दियश आणि जुझे दु इश्पिरितु सांतु हे तिघे सुतार होते. दोनच आठवड्यांत तिथल्या वर्तमानपत्रात बातमी आली, की हे नवे लोक रोज रात्री रस्त्यावर वाजवून गावाला खूश करतायत.

मळ्यातून सुटल्यावर तिघांनी होनोलुलूत दुकानं थाटली. त्यांच्याकडे दोन वाद्यं होती: चार तारांचं इवलं मशेत आणि पाच तारांचं रजांव. अंग साधारण मशेतचं, तारा जुळवायची पद्धत रजांवची, लाकूड स्थानिक कोआचं. माझी ती 'चुकीची' तार रजांवकडून आलीय.

राजा कालाकाऊआला हे वाद्य आवडलं. मिशनऱ्यांनी दडपलेलं हुला नृत्य तो पुन्हा उजेडात आणत होता. १८८६मध्ये त्याच्या पन्नाशीच्या सोहळ्यात हुलाला युकुलेलीची साथ होती. पुढच्याच वर्षी धमकावून त्याच्याकडून नव्या राज्यघटनेवर सही घेतली गेली आणि बहुतेक अधिकार काढून घेतले गेले. १८९३मध्ये त्याची बहीण, राणी लिलिउओकलानी, पदच्युत झाली. दोन्ही वेळा पुढाकार घेणाऱ्यांत साखरेत पैसा गुंतलेले लोक होते. ज्या उसानं हे वाद्य आणलं, त्यानंच गादी नेली.

म्हणून या नावाचे दोन अर्थ मला महत्त्वाचे वाटतात. रूढ अर्थ 'उड्या मारणारी पिसू', वादकाच्या चपळ बोटांवरून. राणी म्हणे, 'इथे चालत आलेली भेट'. भाषाशास्त्र कुणाच्या बाजूनं आहे यापेक्षा, राज्य गमावलेली बाई परक्या मजुरांच्या वाद्याला भेट म्हणते, हे मला मोठं वाटतं.

१९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात अमेरिका युकुलेलीवर लुब्ध झाली. तोवर हवाई अमेरिकेचीच झाली होती.

सध्या मी राणीचं 'अलोहा ओए' बसवतोय. ते तिनं रचलं तेव्हा रेव्हन्सक्रॅग यायचं होतं. सी कॉर्डला तिसऱ्या पडद्यावर एकच बोट लागतं, ते जमलंय. जी-सेव्हनला तीन लागतात, तिथे लय अजून अडखळते.