गादी सरकणे

कोल्हापूरकडे उसाच्या मोळ्या वाहून पाठ धरली, की ‘गादी सरकली’ म्हणतात. प्रत्यक्षात मणक्यांमधली गादी सरकत नाही. तिचे तंतुमय कडे फाटून आतला मऊ गर बाहेर येतो. या गरात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे रोगप्रतिकारक पेशींना तो परका वाटतो आणि भक्षकपेशी तिथे जमतात. त्यांच्यातून, तसेच गादीच्या स्वतःच्या पेशींतूनही, टीएनएफ-अल्फा व इंटरल्युकिन-१ बीटा ही दाहकारक प्रथिने स्रवतात. त्यांनी चेतवलेली विकरे कोलॅजन आणि पाणी धरून ठेवणारे अ‍ॅग्रिकॅन तोडतात. गादी सुकत जाते. पायात उतरणारी कळ निव्वळ नस दबल्याने नव्हे, या दाहानेही येते. गंमत म्हणजे बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा याच भक्षकपेशी काही महिन्यांत फस्त करतात. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही.