रॉस रायफलचा वाद : कॅनडाच्या सेनेतील एक प्रकरण (१९०३–१९१६)

एखादे शस्त्र विश्वसनीय आहे असे म्हणताना आपण त्या शस्त्राचा एक अंगभूत गुण सांगत आहोत, असा सर्वसाधारण समज असतो. नळीची लांबी किंवा रायफलचे वजन जसे मोजून सांगता येते, तशीच विश्वसनीयताही शस्त्राच्या ठायीच वसत असली पाहिजे, असे यात गृहीत धरलेले असते. हे गृहीत किती फसवे आहे, हे पहिल्या महायुद्धातील कॅनडाच्या रॉस रायफलच्या इतिहासावरून चांगले कळून येते. या रायफलचा पाडाव शत्रूने केला नाही. तो चिखलाने, उष्णतेने आणि काडतुसाच्या मापातील अत्यल्प फरकाने केला.

या प्रकरणाचे मूळ बोअर युद्धात आहे. त्या युद्धाच्या काळात कॅनडाला ब्रिटनकडून ली-एन्फील्ड रायफली हव्या होत्या, परंतु ब्रिटनची स्वतःचीच गरज भागत नव्हती. कॅनडात कारखाना काढावा ही सूचनाही बर्मिंगहॅमच्या उत्पादकांनी मानली नाही. तेव्हा सर चार्ल्स रॉस या स्कॉटिश सरदाराने स्वतः रचलेली रायफल पुढे केली. क्वेबेक शहरात कारखाना उभारण्याच्या अटीवर १९०३ मध्ये विल्फ्रिड लॉरिए यांच्या सरकारने त्याच्याशी करार केला. साम्राज्यातील एका वसाहतीने स्वतःच्या शस्त्राचा आग्रह धरावा यात स्वाभिमानाचा भाग मोठा होता, व तो अनुचितही नव्हता. मात्र याच स्वाभिमानामुळे पुढे शस्त्राच्या दोषांची चर्चा ही राष्ट्राची निंदा ठरू लागली.

रायफलच्या रचनेचा थोडा विचार येथे अवश्य केला पाहिजे. रॉस आणि ली-एन्फील्ड या दोन्ही रायफलींत एकच काडतूस चाले, ते म्हणजे ·३०३ इंचाचे. आपल्याकडे पोलिसांच्या हाती दीर्घकाळ दिसलेल्या बंदुकीमुळे 'थ्री-नॉट-थ्री' हे नाव मराठी वाचकास परिचित आहेच. गोळी सुटल्यानंतर काडतुसाची पितळी पुंगळी फुगून नळीच्या मागील खोबणीत, म्हणजे चेंबरमध्ये, घट्ट बसते. ती बाहेर ओढणे हे बोल्टचे काम. ली-एन्फील्डमध्ये बोल्टची मूठ प्रथम वर फिरवावी लागते, आणि या फिरवण्यामुळे तरफेप्रमाणे जोर मिळून पुंगळी थोडी सैल होते; मग बोल्ट मागे ओढायचा. रॉसमध्ये फिरवणे नाही. मूठ सरळ मागे ओढली की बोल्टचे डोके आतल्या आत वळते. एक हालचाल वाचल्यामुळे गोळीबार जलद होतो खरा, परंतु पुंगळी अडकलीच तर ती सोडवण्यास सैनिकाच्या दंडातील बळाखेरीज दुसरे साहाय्य राहत नाही.

नेमबाजीच्या मैदानावर ही उणीव दिसली नाही, आणि दिसण्याचे कारणही नव्हते. तेथे नेमबाज आडवा पडून, सावकाश, निवडक काडतुसे वापरून नेम साधतो. रायफल पुसण्यास वेळ असतो. रॉसची लांब नळी आणि काटेकोर चेंबर या परिस्थितीत उत्कृष्ट ठरत. इंग्लंडमधील बिस्ली येथील स्पर्धांत या रायफलने नाव मिळवले, आणि १९११ मध्ये कॅनडाचे सेनामंत्री झालेले सॅम ह्यूझ हे तिचे कट्टर पुरस्कर्ते बनले. उलट दिशेचा पुरावाही होता. वायव्येकडील घोडेस्वार पोलीस दलास दिलेल्या आरंभीच्या रायफलींपैकी एकीचा बोल्ट सरावात मागे उडून एका अधिकाऱ्याचा डोळा गेला, आणि दलाने त्या परत केल्या. हा पुरावा जुन्या नमुन्याविषयी आहे, असे म्हणून तो बाजूस सारणे सोपे होते.

१९१५च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत कॅनडाची पहिली डिव्हिजन सापडली. २२ एप्रिल रोजी जर्मनांनी फ्रेंच फळीवर क्लोरीन वायू सोडला, आणि दोन दिवसांनी सँ-झुलियाँजवळ तो कॅनेडियनांवर आला. चालून येणाऱ्या रांगांवर जलद गोळीबार करताना रायफली तापल्या आणि बोल्ट उघडेनासे झाले. सैनिक बुटाच्या टाचेने किंवा खंदक खणण्याच्या अवजाराच्या दांड्याने बोल्टवर आघात करू लागले. एकेका गोळीसाठी असे करावे लागणाऱ्या, वायूने गुदमरलेल्या माणसाची अवस्था कल्पनेनेच जाणावी.

कारणे एकाहून अधिक होती. युद्धकाळी घाईने बनवलेल्या ब्रिटिश काडतुसांच्या मापात फरक पडे. ली-एन्फील्डचे सैल चेंबर तो सहन करी, रॉसचे काटेकोर चेंबर करीत नसे. तापलेल्या चेंबरमध्ये मातीचा कण गेला की अडचण दुणावे. याशिवाय बोल्ट मागे ओढला असता त्याच्या डोक्यावरील शेवटचा आटा एका लहानशा अडणीवर आपटे. वारंवार आपटून त्याची कडा बोथट होई आणि मग बोल्ट बंद होणेही कठीण जाई. बोल्ट सुटा करून पुन्हा जोडताना चुकीचा जोडला गेला तर तो न अडकता गोळी सुटू शके, हा तिसरा व सर्वांत भयावह दोष. तो क्वचित प्रत्ययास येई. पण सैनिकाच्या मनावर त्याचा परिणाम वारंवारतेच्या प्रमाणात होत नाही.

येथे व्याकरणाची एक गोष्ट नमूद करण्याचा मोह आवरत नाही. 'रायफल अडकली', 'काडतूस अडकले' आणि 'सैनिकाने रायफल स्वच्छ ठेवली नाही' ही तिन्ही वाक्ये एकाच प्रसंगाचे वर्णन करू शकतात, आणि तिन्ही खरी असू शकतात. कर्ता बदलला की दोषी बदलतो. ह्यूझ यांचे वाक्य दुसऱ्या प्रकारचे होते : दोष ब्रिटिश काडतुसांचा. हे असत्य नव्हते, आणि त्यांना केवळ दुराग्रही ठरवणारे लेखक ही गोष्ट विसरतात. कॅनडातील नेमक्या मापाच्या काडतुसांवर रॉस बऱ्याच अंशी नीट चाले. परंतु युद्धातील सैनिकास काडतूस निवडता येत नाही. जे हाती येईल ते भरावे लागते. तिसऱ्या प्रकारचे वाक्य तर सेनांच्या इतिहासात पुनःपुन्हा भेटते. व्हिएतनाममध्ये अमेरिकेची एम-१६ रायफल अडकू लागली तेव्हाही सैनिकांच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवण्यात आले. काडतुसातील दारूचा प्रकार बदलला गेला होता आणि सफाईचे साहित्य पुरेसे पुरवले गेले नव्हते, या गोष्टी १९६७ मधील संसदीय चौकशीने प्रकाशात आणल्या.

सामान्य सैनिकाने अहवाल लिहिले नाहीत. त्याने रायफल टाकून दिली. कॅनडाच्या अधिकृत युद्धेतिहासात एक आकडा येतो : ईप्रच्या लढाईतून वाचलेल्या ५,००० सैनिकांपैकी १,४५२ जणांनी रॉस टाकून ली-एन्फील्ड उचलली होती. या ली-एन्फील्ड बहुधा मृत किंवा जखमी ब्रिटिश सैनिकांच्या होत्या. आपले शस्त्र टाकणे हा सैनिकी शिस्तीचा गंभीर भंग होय. तो पत्करून केलेल्या या निवडीस आम्ही कोणत्याही तज्ज्ञ समितीच्या मतापेक्षा अधिक वजन देतो. फेस्तुबेरच्या लढाईनंतर ही संख्या ३,००० च्या वर गेली. जूनमध्ये सर जॉन फ्रेंच यांनी पहिल्या डिव्हिजनला ली-एन्फील्ड देण्याचा हुकूम काढला.

तथापि नंतर आलेल्या डिव्हिजनांच्या हाती रॉसच राहिली. चेंबर रुंदावण्यात आले, अडणीही पुढे मोठी करण्यात आली. पण गेलेला विश्वास या दुरुस्त्यांनी परत आला नाही. कॅनडाच्या कोअरचे ब्रिटिश सेनापती ऑल्डरसन यांनी १९१६च्या आरंभी ओटावास रायफलविरुद्ध लिहिले. त्यावर ह्यूझ यांनी मार्चमध्ये त्यांना उपरोधाने भरलेले उत्तर पाठवले आणि त्याच्या प्रती त्यांच्याच हाताखालील अधिकाऱ्यांत वाटल्या. मे महिन्यात ऑल्डरसन यांचे सेनापतिपद गेले. हेग यांच्या आग्रहाने त्याच वर्षी उरलेल्या डिव्हिजनांतूनही रॉस काढून घेण्यात आली. नोव्हेंबरमध्ये ह्यूझ यांना मंत्रिपद सोडावे लागले आणि १९१७ मध्ये सरकारने क्वेबेकचा कारखाना ताब्यात घेतला.

आघाडीवरून रॉस पूर्णपणे मात्र गेली नाही. लपून एकेक गोळी झाडणाऱ्या निष्णात नेमबाजांनी ती स्वेच्छेने जवळ ठेवली. ओजिब्वे जमातीचे फ्रान्सिस पेगामागाबो हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. त्यांच्या कामात घाई नव्हती, नळी तापत नव्हती, आणि प्रत्येक काडतूस पारखून घेण्यास वेळ होता.