गळतीचा माग

पेण तालुक्यातील जोहे हे गाव गणेशमूर्तींसाठी ओळखले जाते. चतुर्थीपूर्वी महामार्ग सोडून मूर्ती न्यावयास ज्या मोटारी तिकडे वळतात, त्यांच्या काचा आता वर असतात आणि आत गारवा असतो. कुर्ल्यास तयार होणाऱ्या पद्मिनी टॅक्सीत गारवा म्हणजे खाली केलेली काच, एवढाच अर्थ होता. आज तो यंत्राने मिळतो. पण एखाद्या उन्हाळ्यात तो नाहीसा होतो, गॅस भरून घ्यावा तर पुढल्या वर्षी पुन्हा तेच. ही गळती सापडत का नाही, या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

आरंभीच्या शीतयंत्रांत अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड वापरीत. दोन्ही विषारी, परंतु त्यांचा दर्प असा की गळती लपणे अशक्य. 1928 च्या सुमारास अमेरिकेत टॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरीन-फ्लोरीनयुक्त वायू पुढे आणले. 1930 साली मिजली यांनी विद्वानांच्या सभेत असा वायू स्वतः हुंगला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखविली. वायू विषारी नाही, पेटणारा नाही, त्याला उग्र वासही नाही! माणूस सुरक्षित झाला खरा. परंतु त्याच वेळी गळतीची वाचा गेली.

1939 साली पॅकार्ड कंपनीने मोटारीत वातानुकूलन आणले आणि अडचण वाढली. घरच्या फ्रिजमध्ये मोटर व कॉम्प्रेसर एकाच बंद डब्यात असतात. मोटारीतला कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून त्याचा दांडा सीलमधून बाहेर काढावा लागतो. इंजिन थरथरते, म्हणून नळ्या काही ठिकाणी रबरी ठेवाव्या लागतात. पुढच्या कंडेन्सरला खडे लागतात. आतला इव्हॅपोरेटर तर डॅशबोर्डच्या पोटात दडलेला. शिवाय काही भेगा गाडी तापून दाब वाढल्यावरच गळतात, उभ्या गाडीत मुक्या राहतात.

पूर्वीचे कारागीर तांब्याच्या पत्र्यावर ज्योत ठेवून तपासत. गळणाऱ्या वायूतील क्लोरीनमुळे ती हिरवी होई. पुढे साबणाचा फेस, अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग, वायू हुंगणारे विद्युत्‌यंत्र आणि नायट्रोजनचा दाब ही साधने आली.

परंतु सर्वांत मोठी गळती कोणत्याही गॅरेजमध्ये सापडली नाही. जेम्स लव्हलॉक यांनी 1957 साली अत्यंत सूक्ष्म अंश टिपणारे उपकरण तयार केले. 1971-72 मध्ये ते घेऊन त्यांनी जहाजाने अटलांटिकचा प्रवास केला, तेव्हा भर समुद्रावरच्या हवेतही हे मानवनिर्मित वायू आढळले. फ्रिज, फवारे, मोटारी यांतून निसटलेले ते कोठेही नष्ट झाले नव्हते. 1974 साली मोलिना व रोलंड यांनी हे वायू ओझोनचा थर खातात असे दाखविले, आणि 1985 साली अंटार्क्टिकावर त्या थराला पडलेले खिंडार प्रसिद्ध झाले. 1987 चा माँट्रियल करार त्यातूनच झाला. भारत त्यात 1992 साली सामील झाला, आणि 2010 पासून, औषधी अपवाद वगळता, येथील सीएफसीचे उत्पादन थांबले.

त्यानंतर मोटारीत आलेल्या 134ए वायूत क्लोरीन नाही. त्यामुळे ओझोन वाचला आणि जुनी हिरवी ज्योत निरुपयोगी ठरली. पण हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट उष्णता धरतो. म्हणजे लहान गाडीतला अर्धा किलो गॅस उडाला, की सातशे किलोंचा भार हवेवर पडतो.

म्हणून आम्हास असे वाटते की, "गॅस भरून द्या" एवढे सांगून गॅरेजबाहेर पडणे हा सोयीचा, पण अपुरा मार्ग आहे. कारागिराने दोन तास मागितले, तर ते द्यावेत. शोधाचे दाम मागितले, तर तेही द्यावेत. भेग बुजविल्यावाचून भरलेला गॅस आपल्या गाडीत राहत नाही, आणि तो जातो त्या हवेत आपणच राहतो.