व्हेक्ट्रेक्सच्या पडद्याला घरगुती रंग

व्हिडिओ गेमच्या इतिहासात 'व्हेक्ट्रेक्स' या यंत्राचे स्थान काहीसे एकाकी आहे. अमेरिकेतील जनरल कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ते १९८२ च्या अखेरीस बाजारात आणले. त्याची किंमत १९९ डॉलर होती. जे स्मिथ यांच्या स्मिथ इंजिनिअरिंगने विकसित केलेल्या या यंत्राला घरातल्या दूरचित्रवाणी संचाची गरज नव्हती. नऊ इंचांचा स्वतःचा उभा पडदा त्यातच बसवलेला होता. १९८३ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने जनरल कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स विकत घेतली आणि त्याच वर्षी जपानमध्ये बंदाई कंपनीने हे यंत्र विक्रीस आणले. मात्र तेव्हा अमेरिकेतील व्हिडिओ गेमची बाजारपेठ कोसळत होती. १९८४ मध्ये व्हेक्ट्रेक्सचे उत्पादन थांबले.

हे यंत्र जतन करणारे हौशी लोक आजही अनेक देशांत आहेत. त्यांच्यापुढचा एक प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण तो तसा नाही. प्रत्येक खेळासोबत मिळणारे रंगीत पारदर्शक आवरण, म्हणजेच 'ओव्हरले', हरवले किंवा ओरखड्यांनी खराब झाले तर काय करायचे? आणि नव्याने लिहिल्या जाणाऱ्या ज्या खेळांना असे आवरण कधी नव्हतेच, त्यांचे काय?

आवरण कशासाठी?

त्या काळच्या नेहमीच्या दूरचित्रवाणी संचात इलेक्ट्रॉनचा झोत वरपासून खालपर्यंत ओळीमागून ओळ फिरे आणि ठिपक्यांतून चित्र उभे राही. व्हेक्ट्रेक्सचा झोत मात्र कागदावर फिरणाऱ्या पेन्सिलीसारखा एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत थेट रेष ओढतो. 'ॲस्टेरॉइड्स' (१९७९) या गाजलेल्या खेळाचे चित्र याच पद्धतीचे होते. रेषा अत्यंत रेखीव आणि तेजस्वी दिसतात, पण त्या असतात पांढऱ्या. रंगीत रेषा काढणारा पडदा त्या काळी अशक्य नव्हता. अटारीच्या 'टेम्पेस्ट' (१९८१) या खेळघरातील यंत्रात तो होता. घरगुती वापराच्या स्वस्त यंत्रात तो परवडण्यासारखा मात्र नव्हता.

त्यावरचा उपाय जुनाच होता. मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या 'ओडिसी' (१९७२) या घरगुती खेळयंत्राबरोबर दूरचित्रवाणीच्या काचेवर लावायची चित्रित आवरणे मिळत. 'ब्रेकआउट' (१९७६) या खेळातील विटांच्या रांगांना रंग होता तो काचेवरच्या रंगीत पट्ट्यांचा. महाराष्ट्रातील मधल्या पिढीलाही ही युक्ती परकी नाही. कृष्णधवल दूरदर्शनच्या काळात निळ्या किंवा तिरंगी प्लास्टिकची काच संचापुढे लावून 'रंगीत टीव्ही' पाहण्याची हौस अनेक घरांनी भागवली होती.

व्हेक्ट्रेक्सचे आवरण मात्र केवळ हौसेचे नव्हते. त्यावर खेळाचे नाव आणि बटणांची कामे छापलेली असत. रेषांची लुकलुक त्यामुळे कमी जाणवे. शिवाय चित्र अधिक उठावदार होई. समजा, आवरणातून निम्मा प्रकाश पार होतो. पडद्यावरील रेषेचा प्रकाश त्यातून एकदाच बाहेर येतो, म्हणून तो निम्मा उरतो. खोलीतील दिव्याचा प्रकाश मात्र आत जाताना एकदा आणि काचेवरून परतताना दुसऱ्यांदा गाळला जातो, म्हणून त्याचा चौथा हिस्साच डोळ्यांपर्यंत पोहोचतो. रेष मंदावते, पण भोवतालचा काळोख त्याहून अधिक गडद होतो.

रंग जागेला, वस्तूला नव्हे

घरी आवरण तयार करणाऱ्याने पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती ही, की आवरणावरचा रंग जागेला चिकटलेला असतो. अंतराळयान निळ्या भागातून लाल भागात गेले की तेही लाल दिसू लागते. त्यामुळे खेळात काय स्थिर आहे आणि काय फिरते, याचा अभ्यास आधी करावा लागतो. सिनेमॅट्रॉनिक्स कंपनीच्या 'स्टार कॅसल' (१९८०) या खेळात मधोमध फिरणारी तटबंदीची कडी जागा सोडत नाहीत, म्हणून त्यांना स्वतंत्र रंग देता आले. त्याच वर्षीच्या 'आर्मर अटॅक'मध्ये शहरातील इमारती आवरणावरच रंगवलेल्या होत्या. ज्या खेळात सर्व काही सर्वत्र फिरते, तेथे मधला भाग एकाच फिक्या रंगाचा ठेवून सजावट कडेला नेणे श्रेयस्कर ठरते.

रंगाची निवडही विचारपूर्वक करावी लागते. पिवळ्या किंवा फिक्या हिरव्या रंगातून रेषेचे तेज बरेचसे टिकते. गडद निळ्या आणि गडद लाल रंगातून ती फार मंद दिसते. यंत्राच्या मागील बाजूस प्रकाश वाढवण्याची सोय आहे. मात्र तो सतत वाढवून ठेवल्यास पडद्याच्या आतील प्रकाशणारा थर कायमचा भाजण्याचा धोका असतो. म्हणून उपाय रंगात शोधावा, यंत्रात नव्हे.

छपाईतील दोन अडचणी

सर्वांत सोपे साधन म्हणजे ओएचपीची पारदर्शक शीट आणि घरचा प्रिंटर. शीट प्रिंटरच्या प्रकारानुसारच घ्यावी. इंकजेटसाठीची शीट किंवा साधे प्लास्टिक लेझर प्रिंटरमध्ये घातल्यास ते आतील उष्णतेने वितळून यंत्रात चिकटू शकते.

पहिली अडचण फिकेपणाची. कागदावरील छपाई पाहताना प्रकाश शाईतून दोनदा जातो, एकदा कागदाकडे आणि एकदा परतताना. पारदर्शक शीटमधून तो एकदाच जातो. परिणामी कागदावर भरदार वाटणारा रंग पडद्यावर धुवट दिसतो. यावर रूढ उपाय असा, की एकाच चित्राच्या दोन प्रती छापायच्या, एक सुलटी आणि एक आरशातल्यासारखी उलटी. त्या पूर्ण वाळल्यावर शाईच्या बाजू एकमेकींकडे करून तंतोतंत जुळवायच्या. रंग दुणावतो आणि शाई आत राहिल्याने ओरखड्यांपासून सुरक्षितही राहते. नाट्यगृहातील दिव्यांपुढे लावतात तसले रंगीत जिलेटिनचे कागद कापून लावले, तर याहूनही भरदार रंग मिळतो. मात्र त्यात बारीक चित्रकाम साधत नाही.

दुसरी अडचण पांढऱ्या रंगाची. घरगुती प्रिंटर पांढरी शाई छापत नाही. तो कागदाचा पांढरेपणा उसना घेतो. पारदर्शक शीटवर कडेची नक्षी आणि अक्षरे छापली, की मागे काळी चौकट असल्याने ती जवळजवळ अदृश्य होतात. यासाठी नक्षीच्या मागे पांढऱ्या कागदाची किंवा चिकट व्हिनाइलची चौकट लावावी आणि तिच्यात मधली खिडकी कापून मोकळी ठेवावी. मूळ आवरणांच्या धाटणीच्या अधिक जवळ जायचे असेल, तर स्क्रीन प्रिंटिंगचा मार्ग आहे. लग्नपत्रिकांच्या छपाईत परिचित असलेल्या या पद्धतीत प्रत्येक रंगाचा स्वतंत्र थर देता येतो आणि अपारदर्शक पांढरी शाईही वापरता येते. मात्र प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट तयार करावी लागत असल्याने एक-दोन प्रतींसाठी हा खटाटोप महाग पडतो.

मापे आणि जोडणी

मूळ आवरण हाताशी असेल, तर ते सपाट ठेवून स्कॅन करावे आणि लगेच पाकिटात परत ठेवावे. ते नसेल, तर यंत्राच्या चौकटीचे माप घेऊन प्रथम साध्या पुठ्ठ्याचा नमुना कापावा. तो खाचांत बसतो की नाही हे पाहूनच पुढे जावे. छपाई करताना प्रिंटरला चित्र कागदाच्या मापात बसवू देऊ नये, शंभर टक्के मापच ठेवावे. आधारासाठी मागे ॲक्रिलिक लावायचे असल्यास ते पातळ हवे, कारण जाड पत्रा खाचेत शिरत नाही. कापण्यासाठी स्टीलची पट्टी आणि धारदार कटर वापरावा. एका झटक्यात न कापता हलक्या हाताने अनेकदा रेघ ओढावी.

पडद्याची काच किंचित फुगीर आणि आवरण सपाट, त्यामुळे दोहोंत अंतर राहते आणि बाजूने पाहिल्यास रंगाची सीमा रेषेपासून सरकलेली दिसते. जुन्या यंत्रांत चित्राची जागाही थोडीफार इकडेतिकडे असते. म्हणून रंगाची सीमा काटेकोर न आखता थोडी सैल ठेवावी. चित्र जुळावे म्हणून यंत्र उघडण्याचा मोह मात्र टाळावा. आतील चित्रनलिकेत हजारो व्होल्टचा विद्युतदाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो काही काळ साठून राहू शकतो.

नक्कल आणि नोंद

व्हेक्ट्रेक्सच्या खेळांचे हक्क पुढे स्मिथ इंजिनिअरिंगकडे परत आले आणि जे स्मिथ यांनी विनानफा प्रती काढण्यास मुभा दिली. त्यामुळे खेळांचे प्रोग्रॅम टिकले. काही किलोबाइटचा प्रोग्रॅम हजार वेळा उतरवला तरी झिजत नाही. प्लास्टिकच्या आवरणाचे तसे नाही. ते फाटते, ओरखडते, डब्यातून गहाळ होते आणि त्याच्याबरोबर खेळाच्या दृश्याचा निम्मा भाग नाहीसा होतो. आवरणाशिवाय चालवलेला खेळ चालतो, पण खेळाडूंनी १९८२-८३ मध्ये जे पाहिले ते तो दाखवत नाही.

घरगुती आवरण ही उणीव भरून काढते. मात्र त्यासाठी एक पथ्य आवश्यक आहे. मूळ आवरणांना संग्राहकांत चांगली किंमत येते. हुबेहूब नक्कल उद्या मूळ म्हणून विकली गेली, तर जतनाच्या कामालाच बाधा येईल. म्हणून प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात ती नक्कल असल्याचे आणि ती केल्याचे वर्ष छापावे. इंकजेटची शाई उजेडात फिकी पडत असल्याने मूळ स्कॅनची फाईल रंगांत फेरफार न करता वेगळी जपून ठेवावी. काही वर्षांनी शाई उडाली, तरी नवी प्रत काढण्याचा आधार हाताशी राहील.