कुटुंबलोप, जातिनिर्मिती आणि महाड

आल्डस हक्सलीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) या कादंबरीतील राज्यात विवाह नाही, माता नाही, पिता नाही. ‘आई’ हा शब्द तेथे अश्लील समजला जातो आणि एकनिष्ठा हा विकार ठरतो. कुटुंब गेले म्हणून माणूसपण गेले, असा या कादंबरीचा अर्थ सामान्यतः लावला जातो. महाडच्या इतिहासाशेजारी ठेवून ती वाचली, की हा अर्थ डळमळू लागतो.

कादंबरीच्या पाच वर्षे आधी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच वर्षीच्या २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले होते. परंतु केवळ पाण्याने अस्पृश्यता जाणार नाही, तिचे मूळ बेटीबंदीत आहे, अशी मांडणी डॉ. आंबेडकरांनी डिसेंबरच्या परिषदेत केली. तिचा पाया १९१६ सालच्या कोलंबिया विद्यापीठातील निबंधात होता : सजातीय विवाह हा जातीचा प्राण, सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही तो टिकविण्याची साधने.

जात घराच्या उंबरठ्याआड राखली जात असेल, तर घर मोडल्यावर ती उरू नये. हक्सलीच्या राज्यात मात्र ती उरते. नव्हे, अधिक घट्ट होते. अल्फापासून एप्सिलॉनपर्यंत पाच जाती आहेत आणि खालच्या जातीच्या गर्भाला बाटलीतच प्राणवायू कमी दिला जातो. कोणी कोणत्या कामासाठी जन्मावे, हे ठरविण्याचा कुलवृद्धांचा अधिकार येथे प्रयोगशाळेकडे गेला आहे, इतकेच. संभोग मोकळा आहे; जन्म मोकळा नाही. बेटीबंदीचे कार्य बेटीवाचून चालू राहते.

एकविवाहाच्या लोपाची हळहळही तपासून पाहावी लागते. १९३२ साली महाडच्या हिंदू पुरुषाला दुसरी पत्नी करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई प्रांतात ती १९४६ साली आली, देशभर १९५५ साली. ब्राह्मणी आचारात स्त्रीचा एकविवाह मात्र पतीच्या मृत्यूनेही संपत नसे. (कुणबी, महार आदी समाजांत विधवेच्या पाटाची रूढी होती, ‘हिंदू कुटुंब’ असे एकवचनी बोलणाऱ्या समीक्षकांना तिचा सहसा विसर पडतो.) आणि कुटुंब विस्कटण्यास हुकूमशहाच लागतो असेही नाही. महाड-पोलादपूरच्या खेड्यांतून पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले. गाळ्यात पाळीपाळीने झोपणारा नवरा आणि गावी नाचणीच्या वरकस जमिनीत राबणारी, मनीऑर्डरची वाट पाहणारी बायको, असा तो संसार. धर्माने अभंग, व्यवहारात शिमग्या-गणपतीपुरता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणीचा आधारही तुटला.

हक्सलीने कुटुंबाला निर्दोष मानले होते असेही नाही. राखीव प्रदेशातल्या, कुटुंब शाबूत असलेल्या वस्तीत लिंडाला चाबकाने फोडतात त्या बायकाच, आपल्या संसाराच्या रक्षणासाठी. हे प्रकरण मराठी वाचकाने सावकाश वाचावे. १९४६ च्या प्रस्तावनेत हक्सलीने कबूल केले, की रानटी जॉनपुढे दोनच पर्याय ठेवणे ही कादंबरीची उणीव होती. बाटली किंवा बंदिस्त गाव, याहून वेगळी वाट आंबेडकरांनी त्याआधी दहा वर्षे, ‘जातिनिर्मूलना’च्या न दिलेल्या भाषणात, मांडली होती : विवाह राहील, त्याचे कुंपण जाईल.